पाव्हणं, तुम्ही वरच्या अंगाला होता

दोन हजार पंचवीस साल. तुम्हाला सदुसष्टावं चालू होतं, मला बहात्तर पुरं. वयानं मी थोरला, पण मुलीचा बाप म्हणून नात्यानं धाकटा. लोक म्हणतात, मुलीच्या बापानं व्याह्यापुढं वाकून राहावं. मी वाकलो न्हाई. आन् पाव्हणं, तुम्ही कवा वाकवायला बघितलं न्हाई. तेवढ्यावरच आपलं अठरा वर्सं जमलं. आता तुम्हीच न्हाई, तर ताठ राहू कुणापुढं?

माझी शाळा चौथीपर्यंत. हे लिहून राहिलो ते नातवाच्या जुन्या वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर. सुमन म्हणाली, "तात्या, मनात काय हाय ते कुणाशी तरी बोला." बोलणं व्हत न्हाई, म्हणून लिहितो. अक्षर वाकडं हाय. तुम्ही असता तर म्हणला असता, "तात्या, ही ओळ हाय का बैल मुतत गेलाय?" म्हणा. आज म्हणा काय म्हणायचं ते. मी उलटून बोलणार न्हाई.

सुमनच्या लग्नातलं आठवतंय का? अक्षतांची वेळ झाली आन् मांडवात बोंब उठली की नवरदेवाचा बाप न्हाई. भटजी सारखं घड्याळ बघून राहिलेले.  मी म्हणलं, मानपानात काही तरी राहिलं, पाव्हणा रुसला. पोरं चौकडं पांगली. शेवटी मीच तुम्हाला हुडकलं, आमच्या रानाच्या टोकाला, धरणाचं पाणी जिथं बांधाला लागतं तिथं. नवी प्यांट गुडघ्यापर्यंत वर केलेली, फेटा दगडावर काढून ठेवलेला, आन् तुम्ही पाण्यात पाय सोडून बसलेले.

"पाव्हणं, काय चुकलं का आमचं?" मी हात जोडले. जन्मात कुणाला जोडले नव्हते.

तुम्ही म्हणला, "चुकलंच की. एवढं पाणी तुमच्या दारात हाय, आन् सोयरीक जुळवताना तुम्ही नुसतं जमिनीचं सांगितलं?"

लातूरचा माणूस! निम्मा जन्म तुमचा टँकरमागं घागरी पळवण्यात गेला आन् निम्मा कचेरीत फायली सरकवण्यात. पुढं तुमच्या गावाला आगगाडीनं पाणी आलं, तवा मी फोनवर हसून म्हणलं होतं, "पाव्हणं, पाण्यानं तिकीट काढलं होतं का?" तुम्ही हसला न्हाईत. नुसतं म्हणला, "तात्या, तुमची लेक आज सकाळी एका घागरीत सहा माणसांच्या आंघोळी करून राहिलीय." माझ्या थट्टेला तुम्ही हसला न्हाईत असं तेवढं एकदाच झालं. मी माफी मागायला पायजे होती. मी भाव विचारला सोयाबीनचा.

मंग तुम्ही रिटायर झालात आन् नाव घेतली. मासे धरायला न्हाई, माणसं पलीकडं न्यायला न्हाई. हौस म्हणून. टेम्पोत घालून आणली, पांढरीशुभ्र, मागं लहानसं इंजन. सगळं गाव बांधावर गोळा झालं. सुमनच्या आईनं हळदी-कुंकू लावलं, नारळ फोडला, गोदामायची ओटी भरली. मी नावेभवती एक चक्कर मारली आन् म्हणलं, "पाव्हणं, एवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या. दूध तरी निघालं असतं."

"म्हशीवर बसून धरण बघता येतं का?"

"येतं की. आमी लहानपणी तसंच बघितलं नदीला."

"मंग तुम्ही म्हशीवर या, मी नावेत येतो. पलीकडं भेटू."

गाव हसलं. मलाबी हसू आलं, पण मी दाबलं.

हसू दाबलं ते एका कारणानं. तुम्ही नावेच्या आधी कोकणात जाऊन आठ दिवस नाव चालवायचं शिकून आला होता, आन् वही भरून आणली होती. पाण्याचं शिकायला कोकणात! मी इथं विहिरीत कमरेला डबा बांधून पोहायला शिकलो, सातव्या वर्षी डबा सोडला, गोदावरीला पूर असताना पलीकडं गेलो आन् परत आलो. माझं रान पाण्याला लागून. आन् तुम्ही मला वहीतून वाचून सांगणार, नावेत पाय कुठं ठेवायचा? "मधोमध ठेवा तात्या, कडेवर न्हाई. उभं राहू नका. एका बाजूला दोघं बसू नका." मी मुद्दाम कडेवर पाय दिला. नाव कलली, मी गुडघ्यापर्यंत पाण्यात. तुम्ही नुसता हात दिला. मी तो हात घेतला न्हाई, आपला आपण चढलो. मधोमध पाय ठेवून.

आन् ती केशरी बंडी. तुम्ही तिला जॅकेट म्हणायचा, मी बंडी. बंडी घातल्याबिगर इंजन चालू करणार न्हाई असं तुम्ही म्हणला. बंडी घालणार न्हाई असं मी म्हणलं. दोघं नावेत बसलो, समोरासमोर, तोंडं फिरवून. ऊन वर आलं. बगळे येऊन गेले. पाऊण तास तरी झाला असंल. शेवटी सुमनची आई चहाची किटली घेऊन बांधावर आली, आमच्याकडं बघितलं आन् म्हणाली, "हे काय, दोन बैलं गव्हाणीला बांधल्यावानी? अवो, घाला की ती बंडी. लग्नात फेटा घातला तवा काय डोकं फुटणार होतं म्हणून घातला व्हता का?"

मी घातली. तुम्ही सगळे पट्टे आवळले, खांद्याला धरून वर उचलून बघितलं, हनुवटीपर्यंत सरकते का म्हणून. लहान लेकराला अंगडं घालावं तसं. मला लाज वाटली आन् बरंबी वाटलं. बरं वाटलं हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं न्हाई.

तुमच्या मनगटाला लाल दोरी असायची, इंजनाला जोडलेली. मी म्हणायचो, "हा कुठल्या दर्ग्याचा गंडा?" तुम्ही म्हणायचा, "ह्या दर्ग्यात नवस नसतो. मी पाण्यात पडलो की दोरी निसटते आन् इंजन बंद. न्हाई तर नाव मला सोडून एकटीच जाईल." डिझेल तीन वाट्यांत मोजायचा, एक वाटा जायला, एक यायला, एक गोदामायला. उपसायचा डबा दोरीनं बांधलेला. शिट्टी बंडीला टाचलेली, तीनदा वाजवायची. नाव उलटली तर नाव सोडायची न्हाई, धरून राहायचं, पोहत काठाला जायचं न्हाई. ह्यावर तर आपलं लई वाजलं. मी म्हणलं, "पोहता येणारा माणूस उलट्या नावेला लटकून काय करंल, आरती?" तुम्ही म्हणला, "हुडकणाऱ्याला डोकं दिसत न्हाई तात्या. नाव दिसते."

हुडकणाऱ्याला. तुम्ही कायम हुडकणाऱ्याचा विचार करायचा. मी हसायचो.

गाठीत मात्र तुम्ही हरला. तुमच्या वहीतली गाठ, तो फासा न आवळणारा घेरा, तुम्ही मला दहादा दाखवला. मी म्हणलं, आता माझी बघा. दाव्याची गाठ. बैल कितीबी ओढू द्या, घट्ट होते. माणसानं दोरीचं शेपूट ओढलं की सुटते. तुम्ही चार दिवस तीच करून राहिलात, बसल्या-बसल्या, खाटेच्या पायाला, माझ्या काठीला, सुमनच्या आईच्या सुपाला. पाचव्या दिवशी डोळे मिटून बांधून दाखवली. "तात्या, ही माझ्या वहीतल्यापेक्षा बरी हाय." तुम्ही वहीत लिहूनबी घेतलं, माझ्या नावानं. 'तात्यांची गाठ'. कचेरीतला माणूस, आन् माझं नाव कागदावर लिहिलं. सातबाऱ्यावर लिहिलेलं मला माहीत होतं. हे दुसरं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो.

आपल्यात रीत हाय. माणूस घराबाहेर निघाला की त्याला कुठं चालला म्हणून विचारायचं न्हाई. पाठीमागून हाक मारायची न्हाई. निघणाऱ्यानं 'जातो' म्हणायचं न्हाई, 'येतो' म्हणायचं. कुणी विचारलंच कुठं म्हणून, तर परत फिरायचं, घोटभर पाणी प्यायचं, जरा टेकायचं आन् मंग निघायचं. माझ्या बापानं पाळलं, मी पाळलं. माझा चुलता एकदा 'कुठं' ऐकून तसाच गेला, तो बैलगाडीसकट वढ्यात गेला. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आन् तुमच्या वहीतला पहिला नियम, सगळ्यात वर, खाली दोन रेघा मारलेला: काठावरच्या माणसाला सांगून निघा. कुठं चाललात, नावेत कोण, किती वाजता परत. आन् ती वेळ टळली तर त्यानं काय करायचं.

तुम्ही दर बारीला नावेतून ओरडायचा, "तात्या! देवळापर्यंत जाऊन येतो! एकटाच हाय! साडेनऊला परत! दहा वाजले तर फोन करा, साडेदहाला माणसं पाठवा!" सगळ्या शिवाराला ऐकू जायचं. मला अंगावर काटा यायचा. निघताना तोंडातून माणसं पाठवायची भाषा! मी कानावर हात ठेवायचो. सुमनची आई तर दारात मीठ-मोहरी घेऊन उभी राहायची.

मंग एकदा दुपारी आपण गावातल्या चार माणसांत लिंबाखाली बसलो होतो. मी म्हणलं, "पाव्हणं, ही तुमची तऱ्हा बंद करा."

तुम्ही म्हणला, "तात्या, 'येतो' म्हणायची रीत मला लई आवडते. पण कुठून येणार तेबी सांगावं की."

"सांगितलं की नाट लागतो."

"ही रीत रस्त्यानं चालणाऱ्या माणसाची हाय. रस्त्यावर पावलं उमटतात. कुणीबी मागं जाऊन हुडकील. पाण्यावर काय उमटतं?"

 उत्तर आलं न्हाई की मला राग येतो, हे तुम्हाला माहीत होतं. मी म्हणलं, "पाण्यावर गोदामायची नजर असते."

"मंग तिचा नंबर द्या. साडेदहाला तिलाच फोन लावतो."

बाकीचे हसले. तिथंच माझं टाळकं सरकलं. चार माणसांत, माझ्याच लिंबाखाली, माझ्या देवाची थट्टा. मी उठून उभा राहिलो आन् म्हणलं, "पाव्हणं, माझ्या काठावरून असं सांगून निघायचं असंल, तर नाव दुसऱ्याच्या काठाला बांधा."

 थट्टा केली त्याचं तुम्हाला वाईट वाटलं होतं, ते मला दिसलं. तुम्ही म्हणला, "बरं तात्या. तुमचा काठ, तुमची रीत."

त्या दिवसापासून तुम्ही नुसता हात वर करायचा आन् म्हणायचा, "येतो." वहीतले बाकी सगळे नियम तुम्ही पाळले. एक तेवढा माझ्यासाठी सोडला. मी जिंकलो होतो. आठ दिवस मी गावात छाती काढून हिंडलो.

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. थंडी अशी की म्हशी उठायला तयार न्हाईत. तुम्ही नांदेडहून, पोराच्या घरून, सकाळीच स्कूटरवर आलात. अंगात दोन स्वेटर, वरून बंडी. मी गोठ्यात होतो. तुम्ही हात वर केला. "येतो तात्या." मी मान हलवली. नावेत ताडपत्रीखाली काही तरी होतं, पांढरं. मी विचारलं न्हाई. विचारायचं नसतं. नावेचं तोंड खालच्या अंगाला, धरणाच्या भिंतीकडं होतं. मी वळलो आन् म्हशीखाली बसलो. इंजनाचा आवाज ऐकला. कुठं गेला तो ऐकला न्हाई.

दहा वाजले. पूर्वीची रीत असती तर मी फोन केला असता. आता वेळच ठरलेली नव्हती. कवा घाबरायचं ते मला माहीत नव्हतं, पाव्हणं. बारा वाजले तवा सुमनचा फोन आला, मामंजी जेवायला आले का म्हणून. तवा मी काठावर गेलो. पाणी रिकामं.

एक वाजेपर्यंत माणसं जमली. शोधणारे जवान आले, त्यांची रबरी नाव आली. त्यातल्या साहेबानं मला विचारलं, "आजोबा, तुम्हीच शेवटचं बघितलं ना? कुठं गेले?"

सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघून राहिलं होतं. ज्याला पाणी कळतं तो म्हातारा. ज्याच्या काठावर नाव बांधलेली. ज्याचा व्याही.

'म्हाईत न्हाई.' दोन शब्द होते. माझ्या तोंडातून निघाले न्हाईत. मी हात लांब केला आन् म्हणलं, "खाली. भिंतीकडं."

"नक्की?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलं."

मी नावेचं तोंड बघितलं होतं, पाव्हणं. नाव जाताना न्हाई बघितली. बांधलेल्या नावेचं तोंड वाऱ्यानं कुठंबी वळतं, हे शेंबड्या पोरालाबी कळतं. मला कळत होतं. बोलतानाच कळत होतं.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. मी फोनवर फोन लावले. वरच्या अंगाला ज्यांची रानं हायत, मोटारी हायत, ज्यांच्याकडं थर्माकोलचे तराफे हायत, सगळ्यांना खाली बोलावलं. आपला गंगाराम भोई, तुम्हाला माशाचं कालवण खाऊ घालायचा तो, वरच्या वळणाला जाळी उचलायला निघाला होता. वल्हं खांद्यावर घेऊनच त्यानं फोन उचलला. म्हणाला, "तात्या, मी तेवढ्यात वर एक चक्कर टाकून येऊ का?"

मी त्याच्यावर ओरडलो. "जाळ्याचं काय घेऊन बसला रे! माणूस गेलाय खाली, आन् तुला मासे सुचून राहिले?"

तो खाली आला. सगळे खाली आले. वरच्या अंगाला चिटपाखरू राहिलं न्हाई. मीच ठेवलं न्हाई. दिवस मावळेपर्यंत चाळीस-पन्नास माणसं भिंतीजवळचं पाणी ढवळत होती आन् मी काठावरून हुकूम सोडत होतो, इकडं बघा, तिकडं गळ टाका.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गंगारामला सापडलात. तो आपली जाळी बघायला गेला होता.

मी गेलो. मला जाऊ देत नव्हते, मी गेलो. वरच्या वळणाला धरणात बुडालेल्या जुन्या बाभळी हायत. पौषात पाणी उतरायला लागलं की त्यांची खोडं पाण्याखाली वीतभर राहतात, दिसत न्हाईत. आमी त्या माहीत असलेली माणसं. तुम्ही तिथं प्लास्टिकचे पांढरे डबे बांधत होता, खोडाखोडाला एकेक, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. गंगारामची नाव मागच्या वर्षी तिथंच फुटली होती. सहा खोडांना डबे बांधून झाले होते. सातव्यानं तुमची नाव फाडली. मागचा भाग पाण्यात, टोक तेवढं वर. तुम्ही नाव सोडली नव्हती. मांडीचं हाड मोडलं होतं, नाव धडकताना खोडावर आदळून. तुम्ही स्वतःला दोरीनं नावेला बांधलं होतं आन् नाव खोडाला. बंडीचे सगळे पट्टे लावलेले. लाल दोरी मनगटाला. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, कोरडा. त्या वळणात रेंज नसते. शिट्टी दाताखाली.

नावेची दोरी सोडायला गंगारामनं सुरी काढली. मी म्हणलं, थांब. शेपूट ओढलं. सुटली. माझीच गाठ होती.

डॉक्टर म्हणाले, बुडून न्हाई गेले, गारठ्यानं गेले. मी विचारलं, कवा? ते म्हणाले, सांगता येत न्हाई, पण दिवस मावळेपर्यंत जीव होता बहुतेक.

दिवस मावळेपर्यंत, पाव्हणं. तुम्ही शिट्टी वाजवत असणार. तीनदा, मंग थांबून परत तीनदा, वहीत लिहिल्यावानी. आन् म्हणत असणार, आता तात्या माणसं पाठवील. तात्याला वेळ सांगितली न्हाई, पण तात्याला कळंल. तात्याला पाणी कळतं. गंगाराम तर जाळी उचलायला येणारच. येईलच आता. तुम्ही वळणाकडं बघत असणार. मी रोज तिथवर येतो आन् तिथून पुढं मला जाता येत न्हाई.

गावानं शोकसभा घेतली. तुमचा फोटो, हार, उदबत्ती. सरपंच बोलले, तुम्ही गावासाठी केलेलं सांगितलं. मंग म्हणाले, "तात्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. ह्या वयात, अन्नपाणी न घेता, एवढी माणसं जमा केली, शोधाची सगळी दिशा त्यांनी दिली. शेवटी देवाच्या मनात नव्हतं." लोकांनी माझ्याकडं बघितलं. मी हात जोडले. पाव्हणं, मी ते कौतुक घेतलं. खाली बसून घेतलं, तुमच्या फोटोसमोर.

सुमननं विचारलं होतं मला, तेराव्याच्या आधी, भांडी घासता-घासता. "तात्या, तुम्ही खाली जाताना बघितलं, आन् सापडले वर. मंग ते मधून वळले असतील, न्हाई का?"

"हाव," मी म्हणलं. "पलीकडच्या काठानं वळले असतील."

तिला पटलं. सगळ्यांना पटलं. गंगारामला पटलं का न्हाई माहीत न्हाई. तो हल्ली माझ्याशी बोलताना जमिनीकडं बघतो. त्यालाबी वाटत असंल त्याचीच कसूर, वर गेला न्हाई म्हणून. गुणाचा माणूस. म्या त्यालाबी ते ओझं वाहू दिलं.

तुमचे डबे तसेच हायत. सहा. पाणी आणखी उतरलं, आता खोडंबी दिसतात, पण भोई लोक डबे काढू देत न्हाईत. सातव्या खोडाला गंगारामनं बांधला. मासे धरायला जाणारे तिथून लांबून वळतात. तुम्ही पौषात पाण्यात गेला, तुमचं काम पाण्यावर तरंगून राहिलंय. मी बहात्तर वर्सं त्या काठाला काढली, मला त्या बाभळी पाठ होत्या, आन् दुसऱ्याला दिसाव्या असं एकदाबी मनात आलं न्हाई. माझ्या मनात यायचं ते एवढंच, की त्या मला माहीत हायत.

रीतीवर ढकलू नका, असं तुम्ही म्हणाल. मी न्हाई ढकलत. रीतीनं विचारू दिलं न्हाई, ते खरं. पण विचारलं न्हाई तर माहीत न्हाई, एवढं म्हणायला रीत कुठं आड येते? रीत माझ्या बापाची होती. खोटं माझं होतं. तुम्ही माझा मान राखला आन् सांगून गेला न्हाईत. मीबी माझाच मान राखला.

विहीणबाई लातूरला परत गेल्या हायत. एकट्याच असतात. तेराव्याला जाताना माझ्या पाया पडल्या. म्हणल्या, "तात्या, तुम्ही होता म्हणून धीर वाटला." मी आशीर्वाद दिला. दिला गेला तोंडातून. तवापासून भाकरी गोड लागत न्हाई.

इथवर लिहिलं आन् वहीची पानं संपली. म्हणलं, झालं, मेलेल्या माणसाला कबूल करून टाकलं. तुम्ही काय उलटून विचारणार हायत? लिहून काही मोकळं झालं न्हाई, पाव्हणं. तुम्ही माझ्या मनात माझीच बाजू घ्यायला लागलात. तुमची सवयच ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली येष्टी धरली आन् लातूरला गेलो. पुढचं हे येष्टीच्या तिकिटांच्या आन् एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहितो.

विहीणबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पदर सावरला. "तात्या? असं अचानक? बसा की. चहा टाकते."

"चहा नको. आधी ऐका."

मी उभ्यानंच सांगितलं. नावेचं तोंड सांगितलं, साहेबाला काय बोललो ते सांगितलं, गंगारामला कसा मागं फिरवला तेबी सांगितलं. काही राखलं न्हाई. बोलताना त्यांच्याकडं बघायचं असं ठरवून गेलो होतो, बघितलं.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.  शेजारच्या घरात मिक्सर चालू होता, तो बंद झाला. मंग विचारलं, "तुम्ही त्या दिवशी म्हाईत न्हाई म्हणला असता, तर गंगाराम वर गेला असता?"

"हाव."

"आन् हे सापडले असते? जिवंत?"

मला म्हणता आलं असतं, ते देवाच्या हाती. सगळे तसंच म्हणतात. सरपंचानंबी म्हणलं होतं.

मी म्हणलं, "हाव, विहीणबाई. जिवंत सापडले असते."